उघड्या टपाच्या जुन्या गाड्या काहून थरथरतात : पार्श्वभूमी

नागपुरात जुन्या कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या टपाच्या गाड्या, रिस्टोअर करणाऱ्यांत एक वाद कायम राहते, बॉडीची थरथर वेल्डिंगनं मारायची की वजनानं.

आधी भार चेसिसवर, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या सांगाड्यावर असायचा, त्यामुळे टपाचं एवढं अडत नव्हतं. 1961 पासून मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीचा टप तर नटबोल्ट खोलून काढता येतो. 1922 च्या इटालियन लॅन्शिया लॅम्ब्डा गाडीनं बॉडीलाच भार उचलायला लावलं, पण ती उघडी गाडी म्हणूनच डिझाइन झाली होती. खरी गडबड नंतरची, बंद मोनोकॉक (बॉडीच भार उचलते अशा) गाडीचाच टप काढून कन्व्हर्टिबल विकणं सुरू झालं तेव्हाची. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून पिळून बघा, तसंच होते. बंद बॉडी सेकंदाला 20 च्या वर वेळा हलते, उघडी झाली की साधारण 12 ते 15 वर येते, आणि चाकांची उसळीसुद्धा त्याच्याच आसपास. वर्धा रोडवर 80 च्या स्पीडला आरसा आणि स्टेअरिंग नाचते ते म्हणूनच, कारण 13 इंची चाकही त्या स्पीडला सेकंदाला 12 फेऱ्या मारते, बॅलन्सिंग थोडं जरी बिघडलं तरी बॉडी साथ देते.

आता वादाचा मुद्दा. 1967 ते 69 च्या अमेरिकन शेवरले कॅमेरो कन्व्हर्टिबलमध्ये चारही कोपऱ्यांत जवळपास 11-11 किलोचे डबे दिले होते, आत तेलात स्प्रिंगवर वजन. बॉडी एकीकडे गेली की वजन उलटीकडे. कल्पना जुनीच, जहाजं आणि मशिनींसाठी 1909 मध्येच एका जर्मन इंजिनिअरनं तिचं पेटंट मागितलं होतं. बरेच जण म्हणतात ही कंपनीची पळवाट होती, सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) जाड करायचे सोडून 45 किलो फुकटचं ओझं लादलं, आणि डबे काढून भंगारात देतात. मला हे पटत नाही, ते डबे त्याच बॉडीच्या थरथरीला ट्यून केलेले आहेत, काढले की शेक परत येणारच. पण उलटंही तितकंच खरं, सिलला पत्रा वेल्ड करून बॉडी कडक केली की तिची थरथर वरच्या आकड्यावर सरकते आणि तेच डबे खरंच नुसतं ओझं होतात. वेल्डिंगही करून डबेही तसेच ठेवणारे दोन्हीकडून जातात.

नंतर कंपन्यांनी बॉडी मुळातच उघडी धरून डिझाइन केली, 1989 च्या माझदा मियाटात गिअरबॉक्स ते डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर) एक लांब फ्रेमच टाकली.

आपल्या इथल्या उन्हाळ्यात बॉडी माउंटचे रबर कडक होऊन चिरतात, आणि नवीन सिमेंट रस्त्यांचे जॉइंट रोज ठोके देतात. म्हणून आधी रबर बदला, चाकं बॅलन्स करा. वेल्डिंग करायचंच असेल तर गाडी चाकांवर उभी ठेवून, दाराचा गॅप मोजत करा, जॅकवर वाकलेली बॉडी वेल्ड झाली की दार पुन्हा नीट बसत नाही.