फी ठरते कशावर? पासपोर्ट आणि वास्तव्य
परदेशी विद्यापीठांत मुलांना पाठवू पाहणाऱ्या गोव्यातील पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या म्हापशाच्या कार्यालयात पालक येतात तेव्हा फाइलीत सगळ्यात वर पासपोर्ट असतो. बहुतेकदा पोर्तुगीज, कधी ब्रिटिश. तो टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला, "आता फी कमी लागेल ना?" त्यावर आमचाही प्रश्न ठरलेला असतो: गेली तीन वर्षे मूल कुठे राहिले?

डिचोली तालुक्यातील एक गृहस्थ मुलीचे ऑफर लेटर घेऊन आले होते. मुलगी स्विंडनला जन्मलेली, पासपोर्ट जन्मापासून ब्रिटिश. सातव्या वर्षी ती आजीकडे आली, शाळा आणि बारावी गोव्यातच झाली. पत्रात फीच्या रकान्यात 'ओव्हरसीज' असे छापले होते. त्यांनी त्या शब्दाखाली पेनाने दोन रेघा मारल्या होत्या, कारण त्यांना ती छपाईची चूक वाटत होती. चूक नव्हती. मुलगी ब्रिटिश नागरिक असूनही इंग्लंडच्या नियमाने तिला परदेशी विद्यार्थ्याची फी लागू होत होती, आणि तेव्हा काही करायला वेळ उरला नव्हता. हे पत्रक आम्ही त्या दिवशी लिहायला घेतले.

इंग्लंड: 1 सप्टेंबरपासून मागे मोजा

इंग्लंडमध्ये फीचे दोन दर आहेत. 'होम' दराला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. 2025-26 या वर्षी ती 9,535 पौंड होती. 'ओव्हरसीज' दराला अशी मर्यादा नाही. तो विद्यापीठ स्वतः ठरवते आणि होमच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो.

होम दर मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन गोष्टी लागतात. एक, तिथे कायम राहण्याचा हक्क, म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व, सेटल्ड स्टेटस किंवा तत्सम दर्जा. दुसरी, अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची सलग तीन वर्षे तिथले नेहमीचे वास्तव्य. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही मोजणी 1 सप्टेंबरपासून मागे होते. 2029 च्या सप्टेंबरमध्ये प्रवेश हवा असेल, तर मूल 1 सप्टेंबर 2026 पासून तिथे राहायला हवे. म्हणजे आपल्याकडे मूल नववी संपवून दहावीत जाते, त्याच सुमारास हा निर्णय घ्यावा लागतो. बारावीच्या निकालानंतर तो घ्यायला गेलात तर उशीर झालेला असतो.

'नेहमीचे वास्तव्य' म्हणजे काय, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने 1982 च्या अखेरीस निकाल दिला; आजही तोच आधार धरतात. स्वेच्छेने, कायदेशीरपणे आणि स्थिर हेतूने, रोजच्या जगण्याचा भाग म्हणून जिथे माणूस राहतो, ते त्याचे वास्तव्य. त्यामुळे चवथीला महिनाभर गावी आलात, आजी आजारी म्हणून सुट्टीत राहिलात, तर वास्तव्य तुटत नाही. पण "अकरावी-बारावी गोव्यात करू, मग परत जाऊ" असे ठरवलेत तर ती दोन वर्षे बहुधा सुट्टी म्हणून गणली जाणार नाहीत. हा बेत आमच्याकडे वारंवार येतो आणि आम्ही प्रत्येक वेळी थांबवतो. इथली फी वाचते ती तिथे कितीतरी पटींनी द्यावी लागते.

आणखी एक अट पालकांना ठाऊक नसते. तीन वर्षांचे वास्तव्य मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठीच असेल, तर ते धरले जात नाही. आई-वडील दुबईत किंवा गोव्यात आणि मूल इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत, अशी व्यवस्था केवळ होम फीसाठी करू नका.

आता पोर्तुगीज पासपोर्टबद्दल. 1 ऑगस्ट 2021 पूर्वी सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना युरोपीय नागरिकांसाठी होम दर होता. ब्रेक्झिटनंतर तो बंद झाला. आज गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने इंग्लंडला जाणाऱ्या मुलाला भारतीय मुलासारखाच स्टुडंट व्हिसा लागतो आणि ओव्हरसीज फी भरावी लागते. ज्यांच्याकडे सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटआधीपासून तिथे राहणाऱ्या युरोपीयांना मिळालेला राहण्याचा दर्जा) आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पण वास्तव्याची अट त्यांनाही आहेच. काही जण अजून जुन्याच माहितीवर हजारो रुपये घेऊन कागद करून देतात. कुणी "पोर्तुगीज झालात की यूकेत स्वस्त" म्हणाला, तर त्याला ही तारीख दाखवा.

पासपोर्टला खरे वजन कुठे आहे

युरोपीय संघात. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची नोंद करता येते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्या राष्ट्रीयत्वाने फीत काय बदलते, ते देशागणिक पाहावे लागते.

नेदरलँड्समध्ये युरोपीय नागरिकाला पहिल्या पदवीसाठी सरकारी दर मिळतो. 2025-26 मध्ये तो 2,601 युरो होता. मूल आजवर फोंड्यात राहिले की लिस्बनमध्ये, याने तिथे फरक पडत नाही. फ्रान्सने 2019 मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांत वेगळे दर आणले: पदवीला वर्षाला 2,770 युरो. युरोपीय विद्यार्थ्याला तेव्हा 170 युरो होते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे कुणाकडूनच शिकवणी फी घेत नाहीत, भारतीयांकडूनही नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य मात्र 2017 पासून युरोपबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते. म्हणजे केवळ जर्मनीत शिकण्यासाठी कुणी राष्ट्रीयत्व बदलत असेल, तर फीपुरते तरी त्याची गरज नाही.

आयर्लंडमध्ये पुन्हा आपला तीन वर्षांचा हिशेब येतो. सरकार फी भरते ते युरोपीय नागरिकाची, पण मागील पाचपैकी तीन वर्षे तो युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड किंवा यूकेत राहिलेला हवा. शिवाय विद्यार्थ्याचा स्वतःचा वाटा असतोच. गोव्यात वाढलेला पोर्तुगीज पासपोर्टधारक या सवलतीत बसत नाही.

खुद्द पोर्तुगालमध्ये सरकारी विद्यापीठाची पदवीची वार्षिक फी कमाल 697 युरो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट. इथवर ऐकून पालक खूश होतात, म्हणून पुढचे नीट वाचा. भारतीय पासपोर्टवर जाणारा मुलगा 2014 च्या कायद्यानुसार आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून विद्यापीठाच्या वेगळ्या प्रवेशप्रक्रियेतून जातो. पोर्तुगीज नागरिकाला ती वाट बंद आहे. त्याला राष्ट्रीय प्रवेशप्रक्रियेतून, तिथल्या प्रवेशपरीक्षांच्या अटी सांभाळून यावे लागते, आणि पदवीचे शिकवणे मुख्यतः पोर्तुगीजमध्ये असते. पासपोर्टने फी कमी केली, पण दार बदलले. घरात आजोबांनंतर कुणी पोर्तुगीज बोललेले नसेल, तर भाषेसाठी निदान दोन वर्षे हाताशी ठेवा.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात कायम निवासाचा दर्जा मिळालेल्यांना स्थानिक दर लागू होतो, नागरिकत्वाची वाट पाहावी लागत नाही.

आणि इथे काय सुटते?

हा भाग आम्ही सर्वांना वाचायला लावतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारे) घ्यायचे.

केंद्र सरकारच्या 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला नीट, जेईई देता येते, पण प्रवेश एनआरआय किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या) जागांवरच. केवळ भारतीय नागरिकांसाठी राखीव जागा त्याला मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये ही अधिसूचना मागील काळाला लावता येणार नाही, असे म्हटले, त्यामुळे आधीपासूनच्या कार्डधारकांना दिलासा मिळाला. पण जे आज राष्ट्रीयत्व बदलायच्या विचारात आहेत, त्यांनी त्या दिलाशावर विसंबू नये. मुलीला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात डॉक्टर व्हायचे असेल, तर पासपोर्टचा अर्ज टाकण्याआधी घरात बसून हे बोला. युरोपातील वाचलेली फी आणि इथली हुकलेली सरकारी जागा, दोन्ही एकाच कागदावर मांडा.

आखातात काम करणाऱ्यांसाठी चांगली बातमी: भारतीय नागरिकत्व ठेवलेल्या आखाती कामगारांच्या मुलांना एनआयटीसारख्या संस्थांत 'डासा' योजनेच्या (परदेशातील विद्यार्थ्यांना थेट प्रवेश) सीआयडब्ल्यूजी गटातून, म्हणजे आखाती कामगारांच्या मुलांच्या गटातून, प्रवेश मिळाला, तर शिकवणी फी भारतातील विद्यार्थ्याइतकीच लागते. कुंकळ्ळीची एनआयटीही एनआयटीच आहे, हे लक्षात ठेवा.

कागद

वास्तव्य तोंडी सांगून सिद्ध होत नाही. शाळेची हजेरी आणि दाखले, डॉक्टरकडची नोंदणी, भाडेकरार, कौन्सिल टॅक्सची बिले, पालकांच्या पगाराच्या पावत्या, विमानाची तिकिटे हे सगळे वर्षवार लावून ठेवा. मुलाच्या नावाचा कागद पालकांच्या नावाच्या कागदापेक्षा जड.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. आजोबांच्या पोर्तुगीज जन्मनोंदीत 'नाईक' क्यू अक्षराने, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर के अक्षराने. कुठे 'प्रभू' तर कुठे 'पोरोब'. दोन्ही नावे एकाच माणसाची, हा मामलेदार कार्यालयाचा डायव्हर्जन्स दाखला आधीच काढून घ्या. प्रवेशाच्या धावपळीत तो काढायला गेलात की रजा, रांग आणि मनस्ताप.

विद्यापीठाने फीचा दर्जा कळवला आणि तो चुकीचा वाटला, तर ऑफर पक्की करण्याआधी लेखी हरकत घ्या. ते एक प्रश्नावली पाठवतात. तिच्यातील प्रत्येक पत्ता 'कधीपासून कधीपर्यंत' असा तारखेनिशी भरा, आणि मधली रिकामी जागा सोडू नका. गोव्यात घालवलेली सुट्टीही लिहा, कारणासह. खोटी तारीख आम्ही भरून देत नाही.

पहिल्या भेटीला येताना मुलाचे सर्व पासपोर्ट (जुनेही), जन्मदाखला आणि पाचवीपासूनचे शाळेचे दाखले आणा. मूल नववीत असेल तर फार उत्तम. आणि त्यालाही बरोबर आणा, कुठे राहायला आवडेल हे त्यालाही विचारायचे असते.