पिल्लाच्या पोटातल्या शेवया

जूनच्या अखेरीस ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्यायली. पाच पिल्लं. महिन्याभरात त्यातलं एक इतकं गोल झालं की तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बाळसं धरलंय हो लबाडानं!" उचलून पाहिलं तर पोट ढोलकीसारखं ताणलेलं आणि पाठीचे मणके बोटांनी मोजता येतील असे. संध्याकाळी ते गोणपाटावर ओकलं. ओकारीत पांढऱ्या शेवया होत्या, आणि त्या वळवळत होत्या.

"गोड बिस्किटं चारता ना, म्हणून जंत," वॉचमनकाकांनी निकाल दिला. बिस्किटं न देण्याची कारणं पुष्कळ आहेत, पण साखरेतून जंत होत नाहीत. टॉक्सोकारा कॅनिस हा गोल जंत पिल्लाला बहुधा जन्माआधीच गाठतो. आईच्या पोटात कधीकाळी गेलेल्या त्याच्या अळ्या तिच्या स्नायूंत निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की साधारण सहाव्या आठवड्यापासून त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत शिरतात. काही मागाहून दुधातून जातात. पिल्लाच्या यकृतातून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशाशी, तिथून गिळून आतड्यात असा त्यांचा प्रवास. पिल्लू तीनेक आठवड्यांचं होईतो त्याच्या शीत अंडी दिसू लागतात. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते.

एकदा औषध पाजून भागत नाही ते या प्रवासामुळेच. पायरँटेल हे औषध जंताचे स्नायू आखडवतं, मग तो आतड्यात टिकत नाही, शीबरोबर बाहेर पडतो. पण ज्या अळ्या अजून फुप्फुसात आहेत त्यांना ते शिवतही नाही. म्हणून 2, 4, 6 आणि 8 आठवड्यांना डोस, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. आईलाही त्याच वेळी, कारण ती पिल्लांची शी चाटून साफ करते. आमचा पहिला डोस हुकलाच होता. मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही. स्वयंपाकघरातला काटा द्यायला घरून नकार आला, तेव्हा रद्दीवाल्याच्या काट्यावर पिल्लं मोजली. ढोलकीपोट्या भरला 1 किलो 200 ग्रॅम. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

मला जास्त धाक अंकुशकृमीचा वाटतो. तो आतड्याला चावून रक्त पितो. आईच्या दुधातून येतो, आणि पावसाळ्यातल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या कातडीतूनही आत घुसतात. ओठ वर करून हिरडी बघावी: गुलाबीऐवजी पांढुरकी असेल, किंवा शी डांबरासारखी काळी असेल, तर पिल्लू त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. अशा पिल्लाला कधी रक्तही चढवावं लागतं.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवा गिळल्याने होतो, त्याला प्राझिक्वांटेल हे वेगळं औषध लागतं, आणि पिसवा राहिल्या तर तोही परततो. जुलाब थांबतच नसतील तर जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी असू शकतो. तिथे पायरँटेलचा उपयोग नाही, शी तपासून घ्यावी.

बाळाची आई असलेल्या शेजारणीने विचारलं, "आमच्या छोटीला होईल का हो?" होऊ शकतं. टॉक्सोकाराची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. मात्र ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. अंकुशकृमीच्या अळ्या त्याहून लवकर तयार होतात. म्हणून शी रोजच्या रोज उचलायची. फिनाईलवर विसंबू नये, ही अंडी त्याला दाद देत नाहीत. फरशीवर उकळतं पाणी ओतावं. मातीत खेळून आलेल्या मुलीचे हात साबणाने धुवावेत.

वॉचमनकाकांच्या केबिनमधल्या कालनिर्णयवर आता दर पंधरा दिवसांनी एक लाल गोल आहे. ढोलकीपोट्याने पहिल्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ जंत टाकले. काकांनी काडीने उलटेपालटे करून स्वतः मोजले.