शॉर्ट ट्रॅकचे बूट की क्लॅप स्केट?

पुण्यात इनलाइन स्केटिंग करणारं मूल बर्फावर उतरायचं म्हणतं, आणि पालक ऑनलाइन स्पीड स्केट शोधू लागतात. फोटोत सगळे सारखेच दिसतात: काळा बूट, खाली लांबलचक पातं. पण त्यात लाँग ट्रॅक आणि शॉर्ट ट्रॅक या बर्फावरच्या दोन वेगळ्या खेळांचे बूट असतात. एकाच्या पात्याची टाच सुटी असते, दुसऱ्याची पक्की.

सुट्या टाचेचा तो क्लॅप स्केट, लाँग ट्रॅकचा. तिथे 400 मीटरची लंबवर्तुळाकार धावपट्टी असते आणि बहुतेक शर्यतींत दोघेच आपापल्या लेनमधून घड्याळाशी झुंजतात. पातं चवड्याखाली बिजागरीवर बसवलेलं असतं. रेटा देताना चपलेची टाच उचलते तशी बुटाची टाच वर येते, पातं मात्र बर्फावरच राहतं. मग स्प्रिंग त्याला परत ओढून घेते आणि ‘टॅक’ असा आवाज येतो. जुन्या पक्क्या पात्यावर घोटा पूर्ण ताणला तर पात्याचं टोक बर्फात रुतायचं, म्हणून स्केटर तो ताण आवरून धरत. बिजागरीमुळे शेवटचा रेटाही कामी येऊ लागला. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात खेरिट यान व्हान इंगेन स्खेनाऊ यांनी हा स्केट विकसित केला. 1996-97 च्या मोसमात डच महिलांनी तो गाजवला, आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये जुने स्केट जवळपास हद्दपार झाले.

शॉर्ट ट्रॅकमध्ये क्लॅपला मनाई आहे. 60 बाय 30 मीटरच्या रिंकवर 111.12 मीटरची फेरी, अनेक जण एकत्र, आणि वळणामागून वळण. स्केटर डावीकडे इतका कलतो की हात बर्फाला टेकतो. अशा वेळी बूट बर्फाला घासला तर पात्याची पकड सुटते. म्हणून बूट पात्यापासून उंचावर बसवतात आणि दोन्ही पायांची पाती बुटाच्या मध्यरेषेच्या डावीकडे सरकवतात. पातंही डावीकडे किंचित वाकवलेलं असतं. बूट घोट्याच्या वरपर्यंत आणि खूप कडक. लाँग ट्रॅकचा त्या मानाने बुटका आणि मोकळा. शॉर्ट ट्रॅकमध्ये पडापडी फार, म्हणून पात्याचं मागचं टोक गोलाकार करणं सक्तीचं. मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेकंडहँड जोडी घेताना आधी तेच टोक बघा.

पुण्याच्या मुलाने पहिली जोडी शॉर्ट ट्रॅकचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. देहरादूनचं हिमाद्री रिंक त्याच मापाचं आहे. 400 मीटरचं इनडोअर रिंक भारतात नाही. शिवाय शॉर्ट ट्रॅकच्या बुटावर लाँग ट्रॅकचा सराव करता येतो, उलट चालत नाही.

आणि ‘पाय वाढतोय’ म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. बूट पायाला घट्ट बसला नाही, तर घोटा आत हलतो आणि पात्याची धार आपल्या ताब्यात राहत नाही.