झोळीवाल्याची भीती

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसाव्यांवर बाजारातल्या काही लोकांना संशय आला, की मुलं पळवणारी टोळी ती हीच. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं. तिथेच जमावाने पाच जणांचा जीव घेतला.

या संशयाला मोबाइलवर खतपाणी मिळत होतं. त्या काळात देशभर फिरलेल्या एका क्लिपमध्ये मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून पसार होतात. मुळात ती पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म. तिच्यात शेवटी ते दोघे परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढाच शेवट छाटला आणि टोळी आपल्याकडे उतरल्याचा मजकूर जोडला. खोटी बातमी म्हणजे काय, हे मला या कात्रीइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसत नाही. अफवेला निदान ‘म्हणे’ चिकटलेलं असतं. इथे डोळ्यांदेखत पुरावाच होता.

भीती मात्र जुनीच. पूल बांधायला घेतला की पायात बळी द्यायला मुलं नेतात, ही कुजबुज आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासूनची. आणि ‘गप जेव, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल’ हे तर घरोघरी ऐकवलेलं. झोळी घेऊन दारोदार फिरणं हीच ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका, आळ त्यांच्यावरच आला. भटक्यांना ओळख पटवायला गावात कुणी जामीन नसतो, हे मला सर्वांत जास्त टोचतं.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. झुंडबळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलैला, प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलिस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, असं राज्यांना बजावलं.

16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते ते. परिसरात त्या दिवसांत चोर फिरत असल्याची अफवा होती.