‘लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स’ घरी ऐकताना

जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांचा हा अल्बम आम्ही दुकानात कायम ठेवतो आणि सवाईला न चुकता जाणाऱ्या ग्राहकांना आवर्जून ऐकवतो. मार्च २०१७ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबात, श्रोत्यांसमोर याचं ध्वनिमुद्रण झालं. मॅक्लॉफलिन तेव्हा ७५ वर्षांचे होते. यातल्या ‘माइल्स बियाँड’मधल्या सोलोसाठी त्यांना २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं.

‘गिटारचा आवाज फाटतोय’ म्हणून काही जण सीडी परत आणतात. सीडीत दोष नसतो. इलेक्ट्रिक गिटारचा सूर इथे मुद्दाम खरखरीत केलेला आहे. त्यामुळे तो लांबवर टिकतो आणि मींडेसारखा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता, वळवता येतो. शंका असेल तर त्याच वेळी कीबोर्ड आणि ड्रम्सच्या झांजांकडे कान द्या. ते स्वच्छ येत असतील तर तुमची सिस्टीम ठणठणीत आहे. सगळंच फाटत असेल, तर मात्र ॲम्प्लिफायर आमच्याकडे तपासायला आणा.

पहिल्या वेळी गिटारच्या मागे धावू नका, ड्रम्स धरा. ड्रमर रणजित बारोट मुंबईचे, कथकच्या सितारादेवींचे चिरंजीव. ते वाजवता वाजवता कोन्नकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातले तोंडी म्हणायचे तालाचे, बोलही म्हणतात. कथकमधली पढंत (बोल तोंडाने म्हणणं) ऐकलेल्या कानाला ते परके वाटणार नाहीत. ‘व्हायटल ट्रान्स्फॉर्मेशन’ ही १९७१ सालची रचना, नऊ मात्रांची. मांडीवर हाताने मात्रा मोजत ऐका. दोन-तीन आवर्तनं हुकतील, मग सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सापडते, आणि आमच्या मते या अल्बमचा खरा आनंद तिथून सुरू होतो.

कीबोर्डवर गॅरी हजबंड आहेत. ते स्वतः उत्तम ड्रमरही आहेत. बास कॅमेरूनचे एतिएन म्बापे वाजवतात. स्पीकर भिंतीला टेकवलेले असतील तर बास घुमतो आणि म्बापेंचे जलद स्वर एकमेकांत मिसळतात. स्पीकर हातभर पुढे ओढा, एवढ्यानेच फरक कळेल. पेठेतल्या लहान खोलीत तर हे आधी करून बघा. नवे स्पीकर घ्यायची घाई नको.

इतका दणका नको असेल, तर फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांच्या आठवणीत केलेल्या, याच अल्बममधल्या ‘एल ओम्ब्रे के साबिआ’पासून सुरुवात करा.

विकत घेण्याआधी दुकानात बसून निवांत ऐका, त्याचे पैसे नाहीत. हेडफोन स्वतःचे आणलेत तर उत्तम.