तळहाताची थुंकी आणि सुरीची मूठ

कुदळ उचलण्याआधी माणूस तळहातावर थुंकतो, हात चोळतो आणि मग घाव घालतो. ओल्या हाताने पकड सुटायला हवी, उलट ती घट्ट होते. सुरीसाठी मूठ निवडताना याच कोड्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात, असतात त्या फक्त घामाच्या. त्वचा कोरडी असते तेव्हा तिचा वरचा थर कडक असतो आणि मुठीच्या उंचवट्यांना नुसता टेकतो. थोडी ओल मिळाली की तो थर मऊ पडतो, खाचाखोचांत बसतो आणि खरोखर टेकलेलं क्षेत्रफळ वाढतं. १६९९ साली फ्रान्सच्या आमोंतों या भौतिकशास्त्रज्ञाने घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं असा नियम मांडला. लाकडा-लोखंडासारख्या टणक वस्तूंना तो बऱ्यापैकी लागू पडतो, मऊ कातडीला नाही. मात्र ओल आणखी वाढली की त्वचा आणि मूठ यांच्यामध्ये पाण्याचा पडदा तयार होतो आणि पकड एकदम कोसळते.

हे मला हात कापल्यावर समजलं. पहिल्या सुरीला मी शिसवाची मूठ बसवली होती, पॉलिश असं की तोंड दिसावं. बांगडे साफ करायला घेतले आणि तिसऱ्याच बांगड्याला मूठ हातात फिरली. पॉलिशच्या काचेसारख्या थरावर पाणी आणि माशाचा बुळबुळीतपणा यांना जायला जागाच नव्हती. (विळीला हा त्रास नाही. पातं जागेवर असतं आणि हलतो तो मासा. आपल्याकडच्या बायकांनी मुठीचा प्रश्न पायाखाली दाबून संपवला.)

म्हणजे चांगल्या मुठीचं काम पाण्याला वाट देण्याचं. जपानी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना होनोकीचं लाकूड लावतात, ते आपल्या सोनचाफ्याचं भावंड, दोन्ही मॅग्नोलियाच. हलकं, मऊ, आणि बहुतेकदा पॉलिशशिवाय कोरंच ठेवलेलं. हातावरचं पाणी ते थोडं शोषून घेतं. फिनलंडकडचे कारागीर बर्चच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचतात, मधून पात्याचं निमुळतं टोक आरपार घालतात आणि दाबून मूठ घडवतात. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या कुळातलं झाड. साल पाण्याने कुजत नाही, थंडीत हाताला गार लागत नाही आणि चकत्यांच्या कडा मिळून जो पृष्ठभाग होतो, तो ओल्या हातातही धरून राहतो.

मायकार्टा हा त्यांचा कारखान्यात जन्मलेला भाऊ. १९१० च्या सुमारास वेस्टिंगहाउस कंपनीने विजेच्या इन्सुलेशनसाठी तो काढला: कापडाचे किंवा कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णता देऊन दाबलेले. कापडी मायकार्टा चकाकेपर्यंत घासला तर प्लास्टिकसारखा गुळगुळीत होतो. तोच थोडा खरबरीत ठेवला तर वर उघडे पडलेले सुती धागे पाण्याने किंचित फुगतात आणि भिजल्यावर पकड सुधारते.

मग मूठ कानशीने उभी-आडवी खरवडून टाकावी का? पाच मिनिटांच्या कामाला चालेल. तासभर कांदे चिरलेत तर फोड येतील, कारण पकड जितकी घट्ट, तितकी कातडी ओढली जाते. रबर ओल्या हातातही छान धरतं, पण चरबी लागली की तेही सुटतं. आणि नुसत्या घर्षणावर विसंबणं मला पटत नाही. मुठीचं मागचं टोक जरा फुगीर असावं, पुढे बोट अडेल असा उंचवटा असावा. कोयत्याच्या मुठीचं टोक उगीच वळलेलं नसतं.

शेवटी त्या शिसवी मुठीचं पॉलिश मी खरवडून काढलं. तोंडाला फडकं बांधून, कारण शिसवाची भुकटी काहींच्या अंगावर खाज उठवते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबलो आणि जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या छिद्रांत घट्ट होतं. या क्रियेत उष्णताही निघते, म्हणून तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकतं. मी ते पसरून दोरीवर वाळत टाकलं. मूठ आता काळपट, मंद दिसते. बांगडे तिनेच साफ करतो.