शिंगरू ते स्वारीचा घोडा : विदर्भातील एका जुन्या विद्येची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत आज घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत, मेंढपाळांच्या तळासोबत ओझे वाहताना, किंवा एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या गोठ्यात बैलांशेजारी बांधलेला. पाठीवर माणूस घ्यायला त्याला कोणीतरी शिकवलेले असते आणि या शिकवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. एका रीतीत दीड-दोन वर्षांच्या शिंगराला नांगरलेल्या वावरात किंवा नदीच्या वाळूत नेतात, ओठाला दोरीचा पीळ देऊन उभे करतात आणि पाठीवर एखादे धाडसी पोरगे चढवतात. जनावर उधळते, रुतते, दमते आणि काही दिवसांत निमूट होते. दुसऱ्या रीतीत याच कामाला वर्ष-दीड वर्ष लागते आणि पाठीवर माणूस बसण्याचा दिवस इतका साधा जातो की पाहणाऱ्याला त्यात पाहण्यासारखे काही सापडत नाही. दुसरी रीत परदेशी आणि नाजूक, पहिली मात्र रांगडी आणि आपली, असा एक समज गावोगाव ऐकू येतो. इतिहास पाहिला तर ही वाटणी टिकत नाही. घोड्याशी धीराने वागायचे की घाईने, हे त्याचा मालक कोण आणि त्याच्याकडून किती वर्षे काम घ्यायचे आहे यावर ठरत आलेले आहे.

धीराच्या बाजूचा सर्वांत जुना भारतीय पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात आहे. तिथे घोडीच्या बाळंतपणापासून हिशेब सुरू होतो. घोडीला तीन रात्री तूप पाजावे. शिंगराला दहा रात्रींनंतर तूप घातलेले सातू आणि दूध सहा महिन्यांपर्यंत द्यावे. पुढे तीन वर्षांचे होईपर्यंत जवाचे प्रमाण महिन्यागणिक वाढवीत न्यावे. आणि चार किंवा पाच वर्षांचा, पूर्ण वाढलेला घोडाच कामाचा मानावा. त्याच प्रकरणात तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे स्वभावाचे प्रकार सांगून त्यांप्रमाणे युद्धाचे किंवा स्वारीचे काम नेमायला सांगितले आहे, आणि स्वारीच्या घोड्याला शिकवण्याच्या चालींची वर्गवारीही दिली आहे. हा ग्रंथ भूतदयेसाठी प्रसिद्ध नाही. त्यात घोड्याला चार वर्षे बसून खाऊ घालण्याची तरतूद आहे, ती घोडा ही राज्याची महागडी मालमत्ता होती म्हणून.

भारताबाहेरही चित्र फारसे वेगळे नव्हते. आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या सीमाभागातील मितान्नी राज्याच्या किक्कुली नावाच्या शिक्षकाने इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमारास रथाचे घोडे तयार करण्याचा जो दिनक्रम सांगितला, तो मातीच्या विटांवर कोरलेला सापडला आहे. तो सहा महिन्यांहून अधिक काळ चालतो आणि त्यात फेऱ्या मोजायला संस्कृतशी सख्खे नाते सांगणारे आकडे वापरलेले आहेत. स्वारीच्या घोड्याबद्दल मात्र ग्रीक सेनानी झेनोफन याचे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील लेखन अधिक उपयोगी पडते. शिंगरू घरात असताना भूक, तहान आणि माश्यांचा त्रास माणसाच्या हातून मिटतो हे त्याला कळले पाहिजे, त्याला गर्दीतून आणि आवाजातून हिंडवले पाहिजे, आणि मगच ते शिकवणाऱ्याच्या स्वाधीन करावे, असे तो सांगतो. आणि देताना, मुलाला एखादी कला शिकायला धाडताना करतात तसा, परत येताना घोड्याला काय काय यावे याचा लेखी करार करावा. जे बळजबरीने करवून घेतले ते घोड्याला समजलेले नसते, हे त्याचे म्हणणे पुढे सर्वांत अधिक सांगितले गेले. मला स्वतःला करारनाम्याची सूचना अधिक मोलाची वाटते, कारण घाई मालक करतो आणि तिचा दोष शिकवणाऱ्यावर येतो, हा अनुभव सगळ्या काळांत सारखाच आहे.

दख्खनची अडचण निराळी होती. इथे चांगले घोडे फारसे निपजत नसत. ते अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दक्षिणेतल्या राजांविषयी लिहिले आहे की ते दरवर्षी हजारो घोडे विकत घेतात आणि निगा ठाऊक नसल्यामुळे वर्षाअखेर त्यांतले फारच थोडे जिवंत राहतात. त्याने अतिशयोक्ती केली असेल असे धरले तरी आयात घोड्याची किंमत आणि त्याची नाजूक प्रकृती यांचा अंदाज येतो. पुढे या आयात घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन भीमेच्या खोऱ्यात भीमथडी घोडा तयार झाला. बुटका, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर दूरवर जाणारा. मराठ्यांच्या मोहिमा ज्या घोड्यांवर झाल्या त्यांत याचा वाटा मोठा होता.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते, आणि आपल्या विषयाची नाडी याच भेदात आहे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली शस्त्रे घेऊन चाकरीला येई. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तितक्या घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी (पखालीने पाणी आणणारा) नेमलेला असे. म्हणजे पागेतल्या घोड्याची निगा ही ठरलेल्या माणसांची जबाबदारी होती. शिलेदाराला हे सारे स्वतः पाहावे लागे. त्याचा घोडा लढाईत पडला की त्याची रोजीच जाई. म्हणून शिलेदार घोडा धोक्यात घालायला कचरतात अशी तक्रारही त्या काळी होती. ज्याची सारी मिळकत चार पायांवर उभी आहे, तो आपले शिंगरू दोन वर्षांचे असताना वाळूत दमवून त्याचे पाय खराब करून घेणार नाही. घोडा फेरण्याचे, म्हणजे त्याला स्वारीसाठी शिकवून तयार करण्याचे, काम चाबुकस्वाराचे असे. नावात चाबूक असला तरी त्याची परीक्षा हाताच्या हलकेपणावर होई, कारण भालाईत स्वाराच्या एका हातात भाला असतो आणि भरधाव घोडा जागच्या जागी वळवायला उरतो तो एक हात आणि मांड.

विदर्भाचा या इतिहासाशी संबंध थेट आहे. सिंदखेडराजाचे जाधवराव दख्खनच्या राजकारणातले वजनदार सरदार होते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात राहिले. नागपूरहून बंगाल हजार किलोमीटरच्या घरात आहे. वाटेत छत्तीसगड आणि ओरिसाची जंगले, नद्या आणि अनोळखी पाणी. अशा वाटेला लागणारा घोडा आठवड्यात वठणीवर आणलेला असून चालत नाही. त्याला गर्दी, धूर, हत्ती, नदीचे पात्र आणि रात्रीची आगाडी-पिछाडी (पुढून-मागून बांधण्याच्या दोऱ्या) या सगळ्यांची सवय झालेली असावी लागते.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या रणात आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, पंधरा-सोळा दिवसांत गाविलगडही पडला, आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. पण वऱ्हाडातून घोडदळ गेले नाही. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभ्या राहिलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, होती. १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडच इंग्रजांकडे लावून देण्यात आला. त्यामुळे वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या शेतसाऱ्यावर एक घोडदळ पोसले जात होते, ही गोष्ट कापसाच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. या घोडदळातही जुनी शिलेदारी पद्धतच चालू राहिली. फरक इतकाच की घोडा मेला तर भरपाईसाठी स्वारांच्या वर्गणीचा निधी असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले आणि त्यातल्या पलटणींतून पुढे डेक्कन हॉर्स हे नाव पुढे आले, जे आता रणगाड्यांच्या पलटणीला आहे.

तिकडे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पागा मोडल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मालगुजार आणि देशमुखांच्या वाड्यांत स्वारीचा घोडा आणखी काही पिढ्या टिकला. शहरांत टांगा आला. टांग्याच्या घोड्याचा सौदा वेगळा होता. तो रोज कमावणारा, भाड्याचा प्राणी होता; एक थकला की दुसरा जुंपायचा, आणि शिकवणे म्हणजे झापडे लावून दांड्यांत उभे करणे. चाबुकस्वाराची विद्या नाहीशी झाली ती या दोन-तीन पिढ्यांत. तिच्यातली घाईघाईची, संकटकाळी वापरायची क्लृप्ती तेवढी उरली आणि तीच परंपरा म्हणून सांगितली जाऊ लागली.

पाश्चात्त्य देशांतही घाईला गिऱ्हाईक होतेच. अमेरिकेतल्या ओहायोच्या जॉन रेरीने १८५८ मध्ये इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे आपली रीत दाखवली आणि क्रूझर नावाचा माणसांवर धावून जाणारा घोडा काही तासांत शांत करून दाखवला. घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून बांधायचा आणि त्याला जमिनीवर लोळवायचे, हे त्याच्या रीतीचे मर्म होते. त्याने मारहाणीला विरोध केला हे खरे; पण त्यामुळे सारी परदेशी रीत सौम्य ठरत नाही, तशीच आपली सारी रीत राकट ठरत नाही.

गेल्या काही दशकांत जे नवे कळले आहे ते दोन बाबतींत. पहिली बाब हाडांची. घोड्याच्या लांब हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते आणि ती खालून वर बंद होत जाते. खुराजवळची पहिल्या वर्षातच, पुढच्या गुडघ्यावरची साधारण अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीच्या मणक्यांतली सर्वांत शेवटी, पाचव्या वर्षाच्या आगेमागे. स्वार बसतो तो नेमका पाठीवर. दातांचे वेळापत्रकही याच्याशी जुळते : पुढच्या दातांची पहिली पक्की जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, दुसरी साडेतीनला, तिसरी साडेचारला, आणि पाच वर्षांनी तोंड जुळते. बैल घेताना दोन दाती, चार दाती, जुळलेला अशी पारख करणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. घोड्याच्या बाबतीत तो ते विसरतो, एवढेच.

दुसरी बाब शिकण्याची. घोडा दाबापेक्षा दाब सुटण्यातून शिकतो. लगाम किंचित ताणला, घोडा थांबला आणि त्याच क्षणी ताण सुटला, तर थांबण्याचा अर्थ त्याच्या डोक्यात बसतो. ताण तसाच राहिला तर तो तोंड वर करायला, नाही तर लगामाच्या लोखंडावर ओढायला शिकतो. दमवून निमूट केलेला घोडा शिकलेला नसतो. त्याने प्रतिकार सोडून दिलेला असतो, आणि ढोल-ताशे वाजले किंवा फटाका फुटला की तो प्रतिकार उसळून परत येतो. वरातीत बुजलेल्या घोड्यावरून नवरदेव पडल्याच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच असते. घोड्याचे डोळे बाजूला असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण कपाळापुढे थोडी आणि शेपटीमागे थोडी जागा आंधळी राहते. शिवाय डाव्या बाजूने शिकवलेली गोष्ट उजव्या बाजूने पुन्हा शिकवावी लागते.

यावरून जो क्रम बसतो तो जुन्या जाणकारांच्या क्रमापेक्षा फारसा वेगळा नाही. दूध सुटेपर्यंत मोरखी (तोंडाला बांधायची दोरी), खरारा आणि पाय उचलून देण्याची सवय. पुढे दोरीने हिंडवणे, शक्यतो एखाद्या शांत, वयस्क घोड्याच्या जोडीने, जसा नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात. तीन वर्षांच्या सुमारास लांब दोरावर गोल फिरवणे, पण थोडा वेळच, कारण सततचा गोल सांध्यांना बाधतो. मग रिकामे खोगीर, आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदम न आवळता दिवसादिवसाने एकेक भोक घट्ट करणे. त्यानंतर लांब लगाम धरून मागून चालत त्याला वळणे शिकवायची. माणूस प्रथम पाठीवर आडवा, पोटावर लोंबकळतो, उतरतो, पुन्हा लोंबकळतो. बसायचे ते हलक्या माणसाने, काही मिनिटे, आणि पुढचे कित्येक आठवडे फक्त चालीने. दुडकी नंतर, दौड त्याहूनही नंतर. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलो.

विदर्भाच्या मातीने आणि हवेने या क्रमाला आपली मोड दिली आहे. पावसाळ्यात काळी जमीन खुरांना चिकटते आणि घसरते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ज्यांत अडकून पाय मोडू शकतो. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. कामाचे महिने उरतात ते दसऱ्यापासून होळीपर्यंत. नेमक्या याच काळात, मार्गशीर्षात, सारंगखेड्याचा आणि मालेगावचा घोडेबाजार भरतो. पहिला खानदेशात, दुसरा नांदेड जिल्ह्यात, आणि दोन्हींकडे विदर्भातली गिऱ्हाइके जातात. डिसेंबरात घेतलेल्या दोन वर्षांच्या शिंगराने एप्रिल-मे महिन्यांतल्या लग्नसराईत कमाई करावी, असे गणित मांडले की शिकवायला हातात चार महिने राहतात. घाई येते ती या चार महिन्यांतून. चंदी-चाऱ्यावर आणखी एक-दोन वर्षे खर्च करण्याची ऐपत भाड्याने घोडा देणाऱ्या कुटुंबाजवळ सहसा नसते, आणि तशी अपेक्षा शहरातल्या माणसाने त्याच्याकडून करावी हेही मला सोपे वाटत नाही. देशातली घोड्यांची आणि तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे सव्वासहा लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. उरलेल्यांवर कमाईचा भार त्यामुळे वाढलाच आहे.

तरी बाजारात धीराला अजून किंमत आहे. जाणता घेणारा आधी जबडा उघडून दात पाहतो आणि वय खरे सांगितले आहे का ते ताडतो. मग तंग कसायला लावतो आणि घोडा कान मागे टाकतो का, पोट फुगवतो का, चावायला मान वळवतो का, इकडे लक्ष ठेवतो. त्यानंतर उजव्या बाजूने चढायला सांगतो. घाईने बसवलेला घोडा यांतल्या एखाद्या ठिकाणी सापडतोच, आणि मागितलेला भाव तिथून खाली येऊ लागतो.